ताळा जुळला, पण उत्तर?

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने दहावीला एकसामयिक समीकरणे सोडवलेली आहेत. दोन समीकरणे, दोन चले. कधी एका चलाचा लोप करून, कधी आलेख काढून, तर कधी क्रेमरच्या पद्धतीने निश्चयक मांडून. उत्तर आले की ते मूळ समीकरणात ठेवून ताळा पाहायचा, डावी बाजू उजव्या बाजूशी जुळली की उत्तराखाली दोन रेघा ओढायच्या आणि पुढच्या उदाहरणाकडे वळायचे, ही शिस्त आपल्या गणिताच्या शिक्षकांनी आपल्या हातात बसवली. ती शिस्त मोलाची आहे. परंतु ती अपुरी आहे, आणि आज ज्या प्रकारची गणिते आपली मुले संगणकाकडून करवून घेत आहेत त्यांत ती कधी कधी फसवीही ठरते, असे माझे मत आहे. मी गेली अनेक वर्षे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना संगणकीय गणित शिकवतो, त्यामुळे हे मत मी जबाबदारीने मांडत आहे.

स्मरणिकेत गणिताचा लेख पाहून काही पालक पान उलटतील, हे मी गृहीत धरले आहे. त्यांना विनंती एवढीच, की निदान पुढची दोन समीकरणे तरी पाहावीत. त्यांना दहावीपलीकडचे काहीही लागत नाही.

पहिले समीकरण : क्ष + य = २. दुसरे समीकरण : क्ष + १.००१ य = २.००१. उत्तर तोंडी सांगता येते : क्ष = १, य = १. आता असे समजा, की उजव्या बाजूचा २.००१ हा आकडा पुस्तकातून आलेला नसून कोणीतरी काट्यावर वजन करून लिहिलेला आहे, आणि वजन करणाऱ्याने २.००१ च्या जागी २.००२ वाचले. दोन किलोच्या मालात एका ग्रॅमचा फरक. कोणताही दुकानदार त्याची दखल घेणार नाही. पण समीकरणे पुन्हा सोडवली तर उत्तर येते : क्ष = ०, य = २. एका ग्रॅमने एक चल नाहीसे केले आणि दुसरे दुप्पट केले.

याहून विचित्र गोष्ट पुढे आहे. हे चुकीचे उत्तर, म्हणजे क्ष = ० आणि य = २, मूळ समीकरणांत ठेवून ताळा पाहा. पहिले समीकरण तंतोतंत जुळते. दुसऱ्यात डावी बाजू २.००२ येते, उजवी २.००१ आहे, फरक फक्त एक हजारांशाचा. घाईत असलेला परीक्षक या ताळ्याला पूर्ण गुण देईल. खरे उत्तर मात्र (१, १) होते. ताळा जवळजवळ जुळला आणि उत्तर पार चुकले, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या.

आलेखाच्या कागदावर हीच समीकरणे काढली तर कारण डोळ्यांना दिसते. दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर पडतात. टोकदार पेन्सिलीनेही त्या वेगळ्या काढता येत नाहीत. त्यांचा छेदनबिंदू आहे, एकच आहे, पण एक रेषा केसभर सरकवली की तो बिंदू कागदाच्या दुसऱ्या भागात निघून जातो. तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांना येथे सर्वेक्षणाच्या तासाची आठवण होईल. त्रिकोणीकरण करताना कोणताही कोन ३० अंशांपेक्षा लहान किंवा १२० अंशांपेक्षा मोठा असू नये, असा नियम आपण पाठ केलेला आहे, आणि अशा त्रिकोणाला सर्वेक्षणात ‘वेल कंडिशन्ड’ त्रिकोण म्हणतात. कारण तेच आहे : दोन दृष्टिरेषा फार लहान कोनात छेदल्या, तर दुर्बिणीतील किंचितशी चूक जमिनीवर कितीतरी मोठी होते. संगणकीय गणिताने पुढे हाच शब्द घेतला. मी या लेखापुरते अशा समीकरणांना ‘खंबीर’ आणि त्यांच्या उलट असलेल्यांना ‘नाजूक’ म्हणणार आहे.

दोन समीकरणांत नाजूकपणा आलेखावर दिसतो. तीनांत कल्पनेने दिसू शकतो. पण एखाद्या पुलाच्या सांगाड्याचे, विजेच्या जाळ्याचे किंवा हवामानाच्या प्रतिकृतीचे गणित करताना हजारो समीकरणे एकाच वेळी सोडवावी लागतात. तेथे आलेख नाही, डोळा नाही. तेथे समीकरणांतील सहगुणकांचा एक चौरस तक्ता असतो, जितक्या ओळी तितके स्तंभ, आणि त्या तक्त्याला मॅट्रिक्स म्हणतात. प्रश्न असा, की हा तक्ता खंबीर आहे की नाजूक, हे कसे ओळखायचे?

त्यासाठी एक संख्या आहे. तिचे नाव कंडिशन नंबर. उजव्या बाजूत शेकडा अमुक इतका फरक पडला, तर उत्तरात शेकडा जास्तीत जास्त किती पट फरक पडू शकेल, ते ही संख्या सांगते. ती काढण्याची एक रीत सोपी आहे. मॅट्रिक्सच्या प्रत्येक ओळीतील आकड्यांची, उणे चिन्हे दुर्लक्षून, बेरीज करायची आणि त्यांतील सर्वांत मोठी बेरीज घ्यायची. हेच मॅट्रिक्सच्या व्यस्तासाठी, म्हणजे बारावीला ज्याला आपण ‘इन्व्हर्स’ म्हणतो त्यासाठी, करायचे. दोन्हींचा गुणाकार म्हणजे कंडिशन नंबर. आपल्या उदाहरणात मूळ तक्त्याची मोठी बेरीज २.००१ आहे, व्यस्तातील आकडे १००१, −१०००, −१००० आणि १००० असल्याने त्याची मोठी बेरीज २००१ आहे, गुणाकार ४००४ च्या आसपास. म्हणजे उजव्या बाजूतील चूक उत्तरात वाईटात वाईट चार हजार पट होऊ शकते. वर एका ग्रॅमने जो अनर्थ केला तो दोन हजार पटींचा होता. सर्वांत खंबीर मॅट्रिक्सची ही संख्या १ असते. त्याखाली ती जाऊ शकत नाही. वरच्या बाजूला मर्यादा नाही. कामापुरता हिशेब असा, की ही संख्या एकावर जितकी शून्ये घेऊन उभी असेल, तितके अंक उत्तराच्या शेपटीकडून गमावले असे समजावे.

या संख्येला हे नाव १९४८ साली ॲलन ट्युरिंग यांनी दिले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडणारे आणि संगणकाची सैद्धांतिक कल्पना मांडणारे तेच ट्युरिंग. त्याच्या एक वर्ष आधी, १९४७ मध्ये, जॉन फॉन नॉयमन आणि हर्मन गोल्डस्टाइन यांनी मोठ्या मॅट्रिक्सचा व्यस्त काढताना आकडे कापल्याने होणाऱ्या चुकांवर मोठा निबंध प्रसिद्ध केला होता. त्या काळी या विषयाभोवती भीतीचे वातावरण होते. १९४३ मध्ये हॅरल्ड हॉटेलिंग या संख्याशास्त्रज्ञाने असा हिशेब मांडला होता, की प्रत्येक वाढीव समीकरणागणिक चूक चौपट होऊ शकेल. तसे खरोखरच घडत असते, तर शंभर समीकरणे सोडवण्याचा विचारही कोणी केला नसता.

लंडनजवळच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत मात्र एक प्रत्यक्ष प्रसंग घडला, आणि माझ्या मते संगणकीय गणिताच्या इतिहासातील तो सर्वांत बोधक प्रसंग आहे. महायुद्धानंतर लवकरच तेथील गणित विभागाकडे १८ समीकरणांचा एक संच सोडवण्यासाठी आला. संगणक अजून तयार व्हायचा होता. फॉक्स, गुडविन, ट्युरिंग आणि नव्याने रुजू झालेले जेम्स विल्किन्सन असे चौघे टेबलावरच्या गणकयंत्रांवर बसले. ट्युरिंग यांचा फारसा उत्साह नव्हता. एकतर त्यांना ते यंत्र सफाईने चालवता येत नव्हते आणि शिवाय उत्तर चुकणारच, याची त्यांना खात्री होती. उत्तर आले. ते मूळ समीकरणांत ठेवून ताळा पाहिला, तर फरक दशांशाच्या दहाव्या स्थळी, म्हणजे ज्या अचूकतेने काम केले त्याच पातळीवर. सर्वांना आश्चर्य वाटले. पण पुढे उत्तर आणखी घासून पाहिल्यावर दिसले, की पहिल्या उत्तरातील जेमतेम सहा अंक बरोबर होते. ताळा दहा अंकी, उत्तर सहा अंकी. मधले चार अंक त्या मॅट्रिक्सच्या नाजूकपणाने खाल्ले होते.

विल्किन्सन यांनी १९७० साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात हा प्रसंग सांगितला. त्यातून त्यांनी घेतलेला विचार आज या शास्त्राचा पाया आहे. गणना नीट केली, तर संगणकाने दिलेले उत्तर हे मूळ प्रश्नाच्या अगदी शेजारच्या एका प्रश्नाचे जवळजवळ अचूक उत्तर असते. म्हणूनच ताळा जुळतो. मात्र शेजारच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रश्नाच्या उत्तराशेजारी असेल की नाही, हे ताळा सांगत नाही. ते कंडिशन नंबर सांगतो. दोष गणना करणाऱ्याच्या हाताचा किती आणि प्रश्नाच्या स्वभावाचा किती, याची इतकी स्वच्छ वाटणी मला अन्य कोणत्या शास्त्रात आढळलेली नाही.

येथे आपल्या अभ्यासक्रमाने लावलेल्या एका सवयीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. निश्चयक शून्य असेल तर उत्तर एकमेव नाही, शून्य नसेल तर आहे, हे आपण शिकतो आणि ते खरे आहे. त्यावरून बहुतेक विद्यार्थी असा समज करून घेतात, की निश्चयक शून्याजवळ असेल तर मॅट्रिक्स नाजूक आणि शून्यापासून दूर असेल तर खंबीर. हा समज निखालस चुकीचा आहे. दहा ओळींचा असा तक्ता घ्या, की ज्याच्या मुख्य कर्णावर सर्वत्र ०.१ आहे आणि अन्यत्र शून्ये. त्याचा निश्चयक दशांश चिन्हानंतर दहाव्या स्थळी एक, इतका क्षुद्र आहे. पण या मॅट्रिक्सइतके खंबीर काही नाही. प्रत्येक समीकरण फक्त दहाने गुणायचे आहे, कंडिशन नंबर १. आता दुसरा तक्ता घ्या, तीस ओळींचा : कर्णावर सर्वत्र १, कर्णाच्या वर सर्वत्र −१, खाली शून्ये. निश्चयक बरोबर १. पाहणाऱ्याला वाटेल, याहून सरळ काय असणार! पण शेवटच्या समीकरणाची उजवी बाजू किंचित हलवली, तर वर वर जाताना तो धक्का दुप्पट होत जातो आणि पहिल्या चलापर्यंत पोहोचेतो २६ कोटी ८४ लाख पटींहून अधिक होतो. त्याचा कंडिशन नंबर १,६१० कोटींच्या वर आहे.

आणि संगणकावर तर ‘निश्चयक शून्य आहे का?’ हा प्रश्नच धड विचारता येत नाही. पहिल्या ओळीत १, २, ३, दुसरीत ४, ५, ६, तिसरीत ७, ८, ९ असा तक्ता मांडा. हाताने काढलेला निश्चयक शून्य येतो. दहावीचा विद्यार्थी वहीत तो दोन मिनिटांत पडताळून पाहील. संगणकाला मात्र वाटेत सातने भागावे लागते, एक सप्तमांश त्याला पूर्ण लिहिता येत नाही, आणि शेवटी शून्याच्या जागी दशांश चिन्हानंतर पंधरा शून्ये व मग काही अंक असे मूल्य उभे राहते. तेवढ्यावरून प्रोग्राम समजतो, की सर्व ठीक आहे, आणि जो व्यस्त अस्तित्वातच नाही तो छापून देतो. त्यातील आकडे पंधरा-सोळा अंकी असतात आणि त्यांत अर्थ काहीही नसतो.

मग कंडिशन नंबर काढूनच का घेऊ नये? अडचण खर्चाची आहे. हजार समीकरणे सोडवायला साधारण ६७ कोटी अंकगणिती क्रिया लागतात. व्यस्त मॅट्रिक्स पूर्ण काढायला सुमारे २०० कोटी. उत्तर किती विश्वासार्ह आहे हे विचारण्यासाठी उत्तराच्या तिप्पट खर्च करायला कोणी तयार होत नाही. या शास्त्राने येथे जी युक्ती काढली ती मला फार आवडते, कारण ती आपल्या गावाकडच्या शहाणपणाच्या जवळची आहे. माळ्यावर चढण्यापूर्वी माणूस शिडीचा प्रत्येक सांधा उकलून पाहत नाही. तो शिडी हातात धरून हलवतो. आणि कशीही हलवत नाही. जिकडे ती कुरकुरते तिकडेच पुन्हा जोर देऊन पाहतो.

समीकरणांच्या बाबतीत हे हलवणे असे होते. उजवी बाजू आपणच निवडायची, सर्व आकडे फक्त १ किंवा −१ घ्यायचे. आपल्या पहिल्या उदाहरणात उजव्या बाजूला १ आणि १ ठेवले तर उत्तर येते (१, ०). काहीच हालले नाही. चिन्ह बदलून १ आणि −१ ठेवा. उत्तर येते (२००१, −२०००). शिडी गदगदली! एवढ्याशा उजव्या बाजूतून इतके मोठे उत्तर निघाले, त्या अर्थी व्यस्त मॅट्रिक्समध्ये मोठे आकडे आहेत, आणि ते मॅट्रिक्स न काढताच आपल्याला हे कळले. चिन्हे आंधळेपणाने निवडायची नसतात. सोडवत असतानाच जिकडे उत्तर फुगेल तिकडचे चिन्ह घेत जायचे असते. क्लाइन, मोलर, स्ट्यूअर्ट आणि विल्किन्सन या चौघांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली आणि लिनपॅक या प्रोग्रामसंग्रहात ती आली. १९८४ मध्ये हेगर यांनी अधिक चतुर मार्ग दाखवला, १९८८ मध्ये निकोलस हायम यांनी तो पक्का केला, आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या लॅपॅक या संग्रहात तोच आहे. समीकरणे एकदा सोडवून झाली, की त्याच मांडणीवर आणखी एक उजवी बाजू सोडवायला हजार समीकरणांसाठी फक्त २० लाख क्रिया लागतात. अशा चार-पाच फेऱ्या बहुधा पुरतात. ६७ कोटींच्या कामावर एक कोटीचा वरखर्च, दीड टक्का. शंभर रुपयांचा माल घेताना दीड रुपया परीक्षेसाठी.

या अंदाजाची मर्यादाही शिडीसारखीच आहे. शिडी हलली, तर ती कमकुवत आहे हे निश्चित. हलली नाही, तर ती भक्कम असण्याचा संभव फार मोठा, पण खात्री नाही. हा अंदाज खऱ्या संख्येपेक्षा कधीही जास्त सांगत नाही, क्वचित कमी सांगतो. मुद्दाम रचलेल्या मॅट्रिक्सनी त्याला फसवता येते. व्यवहारातल्या मॅट्रिक्सवर मात्र तो बहुतेक नेहमीच दहा पटींच्या आत राहतो. येथे आपल्याला अचूक संख्या हवीच नसते. सोळा अंकांपैकी तीन उरले की चार, याने निर्णय बदलत नाही. तीन उरले की तेरा, याने बदलतो.

सोळा हा आकडा कोठून आला, तेही सांगतो. आजचे संगणक १९८५ साली ठरलेल्या मानकानुसार साधारण सोळा सार्थ अंकांपर्यंत हिशेब ठेवतात. सोळा अंक म्हणजे वैभव वाटते. पण १, १/२, १/३ अशा अपूर्णांकांनी बनलेले हिल्बर्ट मॅट्रिक्स घ्या. पहिल्या ओळीत १, १/२, १/३, दुसरीत १/२, १/३, १/४, असे पुढे. तीन ओळींचे असेल तर वरच्या रीतीने कंडिशन नंबर ७४८. दहा ओळींचे असेल तर १० चा १३ वा घातही ओलांडतो. बारा ओळींपर्यंत सोळाच्या सोळा अंक संपलेले असतात. आकड्यांच्या रांगेतून वक्ररेषा काढू पाहणाऱ्याला हे मॅट्रिक्स किंवा त्याची भावंडे रस्त्यात हमखास भेटतात, म्हणून ते केवळ गणितज्ञांचे खेळणे नव्हे.

माजी विद्यार्थी मित्रहो, एवढे सगळे सांगण्याचे कारण आता येते. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात गणिताचे पुस्तक उघडणारी पहिली पिढी म्हणजे या शाळेच्या वसतिगृहात राहिलेली पिढी. छापील आकड्याचा आपल्यावर फार मोठा वचक आहे, आणि तो समजण्यासारखा आहे; सातबारा, सावकाराची वही, सरकारी यादी, सर्वत्र छापील आकड्यानेच आपल्या वाडवडिलांचे भवितव्य ठरवले. आज ते काम संगणकातून निघालेला आकडा करतो. कोणत्या वस्तीत शाळागळती का होते, शिष्यवृत्तीचा परिणाम किती, कर्ज कोणाला द्यावे, अशा प्रश्नांची उत्तरे आकडेवारीच्या प्रतिकृतींतून काढली जातात, आणि त्या प्रतिकृतींच्या पोटात अखेर एक चौरस मॅट्रिक्स बसलेले असते.

समजा, एखाद्या अभ्यासात मुलांच्या गुणांवर आईचे शिक्षण आणि घरचे उत्पन्न या दोहोंचा परिणाम वेगवेगळा काढायचा आहे. आपल्या समाजात या दोन गोष्टी पुष्कळदा हातात हात घालून वाढतात. आकड्यांच्या दृष्टीने त्या आलेखावरील जवळजवळ एकमेकींवर पडलेल्या दोन रेषा आहेत. दोहोंचा मिळून परिणाम पक्का सांगता येईल. वेगवेगळा सांगू पाहिला, तर दहा कुटुंबांची नोंद इकडची तिकडे होताच एकाचा परिणाम उणे निघू शकतो. मग कोणी अहवालात लिहील, की आईच्या शिक्षणाने गुण घटतात, आणि शेजारी चार दशांश स्थळे छापील. ताळा जुळलेलाच असेल. ही निव्वळ कल्पना नाही. १९६७ मध्ये लाँगली या अमेरिकन अभ्यासकाने आपल्या देशातील १९४७ ते १९६२ या सोळा वर्षांची आर्थिक आकडेवारी तेव्हाच्या निरनिराळ्या संगणक-प्रोग्रामांना दिली. वर्षागणिक वाढत जाणारे, म्हणून एकमेकांना चिकटलेले आकडे होते ते. प्रोग्रामांची उत्तरे एकमेकांशी जुळेनात, काहींचे तर पहिले अंकसुद्धा चुकले. शिवाय अशा गणितात रूढ पाठ्यपुस्तकी पद्धत वापरली, तर कंडिशन नंबरचा वर्ग होतो. हजाराचे दहा लाख होतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या उत्तरासोबत त्याच्या नाजूकपणाचा अंदाज नाही, ते उत्तर अपुरे मानावे. प्रयोगवहीत, प्रकल्प अहवालात, नोकरीतल्या सादरीकरणात. काही साधने हे काम न सांगता करतात : मॅटलॅब नाजूक मॅट्रिक्स दिसताच सूचना देते, पायथॉनमधील सायपाय हा संग्रहही इशारा देतो. पण त्याच पायथॉनमधला नमपाय, जो विद्यार्थ्यांचा सर्वांत लाडका आहे, निश्चयक तंतोतंत शून्य झाल्यासारखी वेळ आली तरच थांबतो. एरवी मुकाट्याने उत्तर हातात ठेवतो. एक्सेलचीही तीच तऱ्हा. आणि इशारा आला, तरी काही विद्यार्थी इंटरनेटवर पहिली गोष्ट शोधतात ती ही, की इशारा बंद कसा करायचा. धुराची घंटा वाजते म्हणून तिची तार कापण्यासारखे आहे ते.

यावर दोन आक्षेप मी ऐकलेले आहेत. पहिला असा, की मुलांना आधीच गणिताची धास्ती असते, त्यात उत्तरावरच अविश्वास शिकवून काय साधणार? माझा अनुभव उलटा आहे. गणितात सर्व काही आधीच ठरलेले असते, आपण फक्त पायऱ्या गिरवायच्या, या समजुतीने जी मुले कंटाळतात, तीच (१, १) चे (०, २) झालेले पाहून ताठ बसतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कंडिशन नंबर मोठा असला, म्हणजे उत्तर वाईटच, असे नाही. एका समीकरणात किलोमीटर आणि दुसऱ्यात मिलिमीटर वापरले, तर ही संख्या उगाचच फुगते. एकके सारखी केली, की खाली येते. हे खरे आहे, आणि म्हणूनच हा आकडासुद्धा डोळे मिटून वापरता येणार नाही. मोठा दिसला, की आधी एकके पाहावीत, मग प्रश्न पाहावा. प्रश्नच नाजूक निघाला, तर मोठा संगणक आणून उपयोग नाही. मोजमापातली एका ग्रॅमची चूक कोणत्याही संगणकाला दिसत नाही. तेथे दुसऱ्या दिशेने मोजावे लागते, जसा सर्वेक्षक त्रिकोण बदलतो. किंवा प्रश्नच वेगळ्या शब्दांत विचारावा लागतो, जसे दोन परिणाम वेगळे काढण्याचा हट्ट सोडून एकत्रित परिणाम सांगणे.

शाळेच्या पातळीवर यासाठी संगणकसुद्धा लागत नाही. दहावीच्या वर्गात एकसामयिक समीकरणे शिकवून झाली, की एक तास यासाठी द्यावा. वरची दोन समीकरणे फळ्यावर लिहावीत, अर्ध्या वर्गाला २.००१ द्यावे, अर्ध्या वर्गाला २.००२, आणि दोन्ही गटांनी एकमेकांचे ताळे तपासावेत. त्यानंतर क्ष + य = २ आणि क्ष − य = ० हा खंबीर जोड घेऊन उजव्या बाजूला तोच एक हजारांशाचा धक्का द्यावा; उत्तर अर्ध्या हजारांशाहून जास्त हलत नाही, हे मुलांनी स्वतः पाहावे. आलेखावर या दोन रेषा काटकोनात छेदतात. अकरावी-बारावीला शिकणाऱ्या आणि सुटीत शाळेला भेट देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी तीस ओळींचा तो तक्ता संगणक कक्षात मांडून दाखवला, तर आठवी-नववीची मुलेही भोवती जमतील. आणि वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत, ‘उत्तर काढा व ताळा पाहा’ याच्याखाली आणखी एक ओळ घालता आली तर पाहावी : ‘उजवी बाजू एक हजारांशाने बदलल्यास उत्तरात किती फरक पडेल?’ त्याला दोन गुण पुरेत.